कानांच्या बदल्यात

कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक झाली, मग आणखी एक, आणि गॅस बंद होण्याचं काही लक्षण दिसेना. आराधना न्हाणीघरात डोक्यावरून पाणी घेत होती. आत जाताना तिने जोएलला दोनदा बजावलं होतं की तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. पंधरा वर्षांचं पोर, हातात मोबाईल, त्याचं लक्ष असणार कुठे, असं मनात म्हणत तिने आतूनच हाक मारली. शिट्ट्या होतच राहिल्या. मग डाळ करपल्याचा वास दाराच्या फटीतून आत आला, आणि ती ओल्या केसांनी, गाऊनची बटणं लावत, तोंडाचा पट्टा सोडतच बाहेर आली. जोएल ओट्याला टेकून उभा होता, कुकरपासून हातभर अंतरावर. तिने रागाने त्याच्या कानावरचे केस मागे सारले. कानात काही नव्हतं. "अगं, काय झालं? अजून एकही झाली नाही," तो म्हणाला. आणि तो हे म्हणत असतानाच कुकरने त्या दोघांच्या मधोमध एक लांबलचक, चिरकी शिट्टी मारली. जोएलने पापणीसुद्धा हलवली नाही. तो आईच्या तोंडाकडे बघत उभा होता, तिचं पुढचं वाक्य येण्याची वाट पाहत. आराधनाने गॅस बंद केला. आपले हात गार पडलेत हे तिला जाणवलं, आणि ते आंघोळीमुळे असेल असं तिने स्वतःला सांगून पाहिलं.

त्या दिवशी तिने कुणालाच काही सांगितलं नाही. नवरा नोहा शाळेत शिकवून आला, करपलेल्या डाळीवरून त्याने दोन विनोद केले, जोएल हसला, तीही हसली. पण जेवताना ती खुळ्यासारखी प्रयोग करत बसली. चमचा ताटाच्या कडेवर हळूच वाजवला. जोएल जेवत राहिला. पाठीमागून किल्ल्यांचा जुडगा हलवला; तो जेवत राहिला. "जोएल" म्हटलं, त्याने लगेच वळून पाहिलं. पंख्याची घरघर त्याला ऐकू येत होती, सावेडीच्या रस्त्यावरून जाणारे ट्रक ऐकू येत होते. जे बारीक आणि उंच होतं तेवढंच त्याच्यासाठी जगातून उठून गेलं होतं. महिनाभरापूर्वी तो दवाखान्यात होता. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला होता, थंडी वाजून ताप चढायचा, पोर खाटेसकट हलायचं. सलाईनमधून औषध गेलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने भेळ मागितली. त्या भेळेच्या आनंदात घरी आलेली माणसं आपण. अशक्तपणा असेल, मळ असेल, पुढच्या आठवड्यात दाखवू, असं म्हणत ती झोपली, आणि झोप लागली याचं तिला पुढे फार वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर नेमका रायबोसोमल आरएनए होता. हा धडा ती कितीतरी वर्षं शिकवत आली होती आणि त्यातले ठरलेले विनोद तिच्या तोंडात बसले होते. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी पाचातले चार हिस्से हा एकटा असतो, आणि तुम्हाला तो आठवतो परीक्षेच्या आदल्या दिवशी, असं म्हणून तिने सुरुवात केली. मेसेंजर आरएनए निरोप आणतो. ट्रान्स्फर आरएनए अमिनो आम्लं वाहून आणतो. पण त्यांची एकाला एक जोड लावून प्रथिन कोण करतं? पुष्कळ वर्षं विद्वानांना वाटत होतं की रायबोसोममधली प्रथिनंच हे करत असणार. निघालं भलतंच. प्रथिनं नुसती आधाराला उभी असतात, जोडणी करतो तो हा रायबोसोमल आरएनए, स्वतःच्या हातांनी. निरोप नीट वाचला गेला की नाही हेही तोच तपासतो. "लग्नात नाव होतं वाढप्यांचं," ती म्हणाली, "आणि आचारी मांडवामागे घाम पुसत बसलेला असतो. हा आचारी आहे. हा बसला की लग्न बसलं." वर्ग हसला. "मग जंतूला मारायचं तर काय करायचं? सरळ त्याच्या आचाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायचं. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन..." आणि तिथे तिची जीभ अडली. अमिकासिन. जोएलच्या उशाशी बसून तिने त्या बाटलीवरचं नाव वाचलं होतं. वाचून तिला बरंसुद्धा वाटलं होतं. हे थेंब कुठे जाणार, कशावर जाऊन बसणार, हे त्या अख्ख्या वॉर्डात आपल्याला ठाऊक आहे, असा एक छोटासा, मूर्ख अभिमान.

पुढच्या बाकावरच्या रविराज नावाच्या पोराने हात वर केला. "मॅडम, मग हे औषध आपल्या रायबोसोमवर का नाही बसत?" दरवर्षी कुणीतरी हे विचारावं अशी तिची इच्छा असे आणि कुणी विचारत नसे. आपल्या रायबोसोमल आरएनएत त्या जागेची काही अक्षरं वेगळी असतात, तिने सांगितलं, म्हणून औषधाला तिथे बूड टेकता येत नाही. "पण आपल्या पेशीत मायटोकाँड्रिया आहेत. त्या मुळात जंतूच, फार जुन्या काळी आत येऊन राहिलेल्या. त्यांचा रायबोसोमल आरएनए वेगळा, त्यांचा स्वतःचा. एखाद्या घराण्यात त्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं. तेवढ्याने ती जागा पुन्हा जंतूसारखी दिसायला लागते. औषधाला फरक कळत नाही, ते तिथेही बसतं. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात. त्या परत उगवत नाहीत. आणि हे अक्षर येतं ते फक्त..." खडू तिच्या बोटांत तसाच राहिला. "फक्त आईकडून," ती म्हणाली. वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं.

आईकडून. तिची आई, रतनबाई, तिसगावच्या पुढे आडरस्त्याला असलेल्या गावात राहते आणि तिला ठार ऐकू येत नाही. आराधनाच्या जन्माच्या आधीपासून येत नाही. आपल्या मुलीचा आवाज कसा आहे हे त्या बाईला कधी कळलेलंच नाही. रडतानाचा नाही, पाढे म्हणतानाचा नाही, लग्नात देवळात "होय" म्हटलं तो तर नाहीच. आराधना लहानपणी तिच्यासमोर उभी राहून मोठ्ठं तोंड करून बोलायची आणि आई तिच्या ओठांवरून वेचून घ्यायची. आणि इतकं असूनही आईचं बहिरेपण हा त्या घरात कधी आजाराचा विषय नव्हताच. तो देवळाचा विषय होता. दरवर्षी कापणीच्या सणाला गावातली ख्रिस्ती मंडळी पहिलं पीक देवळात आणायची; बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. पुढे त्यांचा लिलाव व्हायचा. पण लिलावाआधी ज्याला देवाने काही दिलं त्याने उठून साक्ष द्यायची, आणि रतनबाईची साक्ष ऐकल्याशिवाय कुणी कोंबडीवर बोली लावायचं नाही. मी वीस वर्साची हुते, ती सांगायची. खोकल्यातून रगत पडायचं. मिशनच्या दवाखान्यात मला मराया टाकलेलं. म्या म्हनले, देवबापा, तुला काय पायजे ते घे पर मला जगव. आन् त्यानं घेतलं. आदी पाखरं गेली. मग मान्सं गेली. मग देवळाची घंटा गेली. पर जीव ऱ्हायला. बाया डोळ्याला पदर लावायच्या. आराधनाने ती साक्ष इतक्या वेळा ऐकली होती की ती मनातल्या मनात पुढचा शब्द आधी म्हणायची.

आदी पाखरं गेली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये गार झालेल्या चहासमोर बसून ती हे वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिली. आधी उंच आवाज जातात, मग मधले, मग खालचे. एवढं साधं. आईला क्षय झाला तेव्हा रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन होतं, महिनोन्महिने. आई स्वतःच सांगायची की सुया घेऊन घेऊन कुल्ल्यावर जागा उरली नव्हती. पण ती ते वेगळं सांगायची, हसत, चुलीपाशी. देवळात सांगायची ती वेगळी गोष्ट. एका बाईच्या एका आजाराच्या दोन गोष्टी, आणि मुलीने विज्ञानाची पदवी घेतली, पदव्युत्तर घेतली, तरी त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. आईचा सख्खा भाऊ, सूर्यभानमामा, तसाच. लहानपणी ताप आला, कंपाउंडरने सुया दिल्या, ताप डोक्यात गेला आणि पोर बहिरं झालं, असं सांगायचे. शाळेत ऐकत नाही म्हणून मार खायचा. पुढे करंजीच्या घाटात शेळ्या हाकताना मागून ट्रक आला. हॉर्न वाजवला होता, असं ड्रायव्हर रडून रडून सांगत होता. आणि जोएलला दवाखान्यात घेतलं तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं होतं. चांगला, सावध माणूस. खुर्ची ओढून बसून विचारलं होतं. "घरात कुणाला कुठल्या औषधाचा त्रास झालाय? काही रिअॅक्शन?" आणि आराधनाने क्षणभरही न थांबता "नाही" म्हटलं होतं. ती खोटं बोलली नव्हती. तिला खरोखरच काही आठवलं नव्हतं. देवाने नेलेले कान औषधाच्या खात्यात कोण शोधतं?

कानाच्या डॉक्टरांनी जोएलला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. वरचे आवाज गेलेत, ते म्हणाले. खालचे किती टिकतील ते आता सांगता येणार नाही. गेलेले परत येत नाहीत. पुण्याला रक्त पाठवलं आणि तिला ठाऊक होतं तेच उत्तर आलं. नोहा म्हणाला, यात कुणाचा दोष नाही. तो चांगल्या मनाने म्हणाला, आणि आराधनाला त्याचा अतोनात राग आला. त्याचा नव्हताच दोष. त्याच्याकडून यातलं काही आलंच नव्हतं, तो साफ सुटला होता. जोएलला नाव मिळायच्या आधी, हातपाय फुटायच्या आधी, तिने त्याला हे अक्षर देऊन ठेवलं होतं. ते तिच्याही अंगात होतं. आत्ता चहाचा कप धरणाऱ्या बोटांत, डोळ्यांत, प्रत्येक पेशीत शेकड्यांनी. तिला आयुष्यात तशी सुई कधी लागली नाही एवढंच तिचं कर्तृत्व. कधी कधी तिला आईचाही राग यायचा. निरोगी होऊन ताठ मानेने साक्ष देणाऱ्या, हसऱ्या आईचा. मग त्या रागाची लाज वाटायची, आणि मग पुन्हा राग. जोएल मात्र शांत होता. तो आता बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायला लागला होता. ती नजर आराधनाने ओळखली. ती आईची होती.

कापणीच्या सणाला ते गावी गेले. जावंच लागलं असतं; पण आराधनाला जायचं होतं ते मावसबहिणींसाठी. बनुबाई मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या तीन मुली, त्यांच्या मुली, सगळ्या याच एका दिवशी गावात एकत्र सापडायच्या. आणि धाकटी, ग्रेस, हिचं बाळ आजारी होतं. आराधना ओसरीवर तिच्याशेजारी बसली. बाळाची छाती घरघरत होती. "कफ लई हाय," ग्रेस म्हणाली. "दागदर म्हनले, उद्यापास्नं सुया चालू करू." आराधनाने तिचा हात धरला आणि जमेल तितकं सोपं करून सांगितलं. आपल्या आजीकडून आपल्या सगळ्यांच्या अंगात एक गोष्ट आलीय. काही ठरावीक सुया आपल्याला चालत नाहीत. डॉक्टरांना एवढंच म्हण, आमच्या घरात सुईने कान गेलेत, दुसरं औषध द्या. ते देतील. दुसरी औषधं आहेत. ग्रेसने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, कुनाचे कान गेलेत सुईनं?"

"माझ्या आईचे. जोएलचे. सूर्यभानमामाचे."

"आवं, मावशीचे कान तर मावशीनं देवाला दिलेत." ग्रेस हात सोडवून घेत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "सगळ्या गावाला ठावं हाय. मी दागदरला काय सांगू मग? आन् तुमी मावशीला खोटं पाडता व्हय? तिच्या साक्षीवर माझी आई मरताना हासत मेली, ताई." तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि थोपटत आत गेली. आराधना बसून राहिली. ही पोरगी मूर्ख नव्हती. जी गोष्ट गाव पन्नास वर्षं डोळे पुसत ऐकत आलं ती एका प्राध्यापिकेने ओसरीवर बसून मोडायला निघावं, हेच मुळात आगाऊपणाचं होतं. आईची साक्ष उभी आहे तोवर आपलं कुणी ऐकणार नाही हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तिला भीती वाटली.

म्हणून ती आधी आईकडे गेली. जोएलचे कान गेल्याचं आईला सकाळीच कळलं होतं. रतनबाई चुलीपुढे बसून देवळात न्यायची बाजरीची कणसं पुसत होती. आराधना तिच्यासमोर उकिडवी बसली, उजेडाकडे तोंड करून. "आई, तुझे कान सुईने गेले." आईने ओठ वाचले आणि ती हसली. "सुईनं? सुईनं तर जगले मी." तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा आणि सपाट होता, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा. "सुईनंच जगलीस. आणि सुईनंच कान गेले. दोन्ही." आईने कणीस खाली ठेवलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बारीक झाले, आणि तिने मुलीच्या गालावर हात ठेवला. "माजे कान कुनी फुकट न्हाई नेले, आराधना," ती म्हणाली. "म्या दिलेत ते. त्यापायी तर मी कदी रडले न्हाई." आराधनाच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. ते तुझ्यातून माझ्यात आलं आणि माझ्यातून जोएलमध्ये गेलं. आई ओठांकडे बघत वाट पाहत होती. सत्तरीची बाई, राखेने पांढरी झालेली बोटं. आराधनाने ओठ मिटून घेतले. तिला वाटलं, आईचं म्हणणं तसं खोटंही नाही. सौदा झालाच होता, फक्त समोर कोण होतं ते तिला माहीत नव्हतं. सौद्यात पुढची पोरंही लिहून दिली गेली हेही माहीत नव्हतं. तिने आईचा तळहात स्वतःच्या गालावर क्षणभर दाबून धरला आणि ती उठली.

देवळात सतरंजीवर एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. वेदीपुढे भोपळे रचलेले, कोपऱ्यात कोंबड्या कुरकुरत पडलेल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि साक्षीला बोलावलं. रतनबाई उठली. मी वीस वर्साची हुते. खोकल्यातून रगत पडायचं. आराधना या खेपेला पुढचा शब्द आधी म्हणत नव्हती. पाखरं गेली, माणसं गेली, घंटा गेली. मग आईने कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. तिने बायांतून वाट काढत पलीकडे जाऊन जोएलच्या डोक्यावर हात ठेवला. "आन् आता माज्या नातवाचं बी तसंच. लेकरू मरनाच्या दारात हुतं. देवानं कान मागितले, लेकरानं दिले. आमच्या घराला ही किरपाच हाय." मागून कुणीतरी हालेलुया म्हटलं. जोएल आजीच्या हाताखाली मान ताठ धरून बसला होता. त्याने आजीचं तोंड पाहिलं होतं, त्याला कळलं होतं. आणि त्याच्या चेहऱ्यावर आराधनाला संताप दिसला नाही. तिथे काहीतरी पटू लागल्यासारखं दिसत होतं. ते तिला सहन झालं नाही. ग्रेस बाळाला छातीशी घेऊन भिंतीशी बसली होती, तिचेही डोळे भरले होते.

आई येऊन तिच्याशेजारी बसते न बसते तोच आराधना उठून उभी राहिली. मुलगी आपल्या साक्षीला जोड देतेय असं समजून रतनबाईने पदर डोक्यावर पुढे ओढला, हात जोडले, डोळे मिटले. आराधनाने त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. उघडे असते तर आपण बोललो नसतो, हे तिला कळलं. "माझ्या आईने सांगितलं ते तसं नाही," ती म्हणाली. देऊळ एकदम गप झालं. "देवाने तिचे कान मागितले नाहीत. जोएलचेही नाहीत. औषधाने गेले. आमच्या आजीकडून आम्हा सगळ्यांत एक खोट आलीय. आजीच्या मुलींत, त्यांच्या मुलींत. माझ्यातही आहे. ती बापाकडून येत नाही, आईकडूनच येते. मी ती जोएलला दिली. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, घरात कुणाला त्रास झालाय का. मी नाही म्हटलं, कारण मीही हीच साक्ष ऐकत मोठी झाले. ग्रेस, उद्या तुलाही विचारतील." समोर पाळकसाहेब पुस्तकाच्या पानांत बोट घालून तसेच उभे होते. बाया तिच्याकडे बघत नव्हत्या; शेजारी डोळे मिटून बसलेल्या म्हातारीकडे बघत होत्या. पलीकडून जोएल एकटक तिच्या ओठांकडे पाहत होता, शेवटच्या शब्दापर्यंत.

मग भिंतीपाशी ग्रेस अर्धवट उठली. तिने बाळाचं डोकं तळव्याने झाकून घेतलं होतं आणि तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. "त्या सुयांची नावं सांगा," ती म्हणाली. "सगळी सांगा."

आराधनाने नावं सांगितली. एक एक, सावकाश, वर्गात सांगते तशी. ती खाली बसली तेव्हा सतरंजीची हालचाल रतनबाईला जाणवली. तिने डोळे उघडले आणि त्या शांत देवळात मोठ्याने, सपाट आवाजात म्हटलं, "आमेन." मग मुलीचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो थोपटत तिने सगळीकडे एकवार नजर फिरवली.

"लई झ्याक बोलली असशील," ती म्हणाली. "बग की, समदे कसे गप झालेत."